माडीवरची खोली आणि सी फॉर्म

ती. स्व. माई यांस,
शि. सा. न. वि. वि.

"आभारबिभार मानलेस तर पुन्हा जिना चढू देणार नाही," असं तुम्ही दोन वर्षांपूर्वी, आम्ही निघालो त्या सकाळी मला बजावलं होतं. म्हणून तेव्हा गप्प राहिलो. पाया पडायला वाकलो तर तेही "उठ, रिक्षा थांबलीय" म्हणून अर्ध्यावर सोडवलंत. आता मी जर्मनीत मोझेल नदीच्या काठी आहे आणि तुमचा जिना बराच लांब आहे, तेव्हा लिहून घेतो.

चारचौघांत का लिहितोय, तेही सांगतो. तुमच्या गल्लीत आणि आमच्या गावात अजून बोललं जातं की म्हातारीने पोराला फूस दिली, स्वतःच्या घरात ठेवून घेतलं आणि लग्न लावून मोकळी झाली. बोलणाऱ्यांत निम्मे आमच्याच भावकीतले आहेत. त्यांना एकदा कळू दे की या लग्नाच्या सगळ्यात जास्त विरोधात कोण असेल तर त्या माई होत्या. आईपेक्षाही.

आधी बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. तुम्हाला ठाऊक असलेला भाग सोडून वाचा.

मी निफाड तालुक्यातला. घरची चार एकर द्राक्षबाग. बी.एस्सी. ॲग्रीला असताना जुन्या नाशकात माईंच्या वाड्यात, खालच्या खोलीत भाड्याने राहायचो. पुढे दिंडोरीकडे एका वायनरीत दोन वर्षं काढली आणि मग कर्ज काढून जर्मनीला गेलो. ऱ्हाइन नदीवर गाइझेनहाइम नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे १८७२ पासून द्राक्ष आणि वाइन हेच शिकवतात. शिकताना हाताशी काम हवं म्हणून मोझेलच्या खोऱ्यात एका लहान बागाईतदाराकडे लागलो. बागाईतदार म्हणजे ती. वय तेव्हा ४५, घटस्फोट झालेला, मुलगा कॉलेजात. मी २८ चा.

मोझेलची बाग कशी असते? पांडवलेण्यांचा डोंगर डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्या अंगावर खालपासून वरपर्यंत वेली लावल्यात असं समजा. पायाखाली माती थोडी आणि पाटीचा दगडच जास्त. शाळेत आपण ज्यावर पेन्सिलीने लिहायचो तोच, काळसर आणि चपटा. दिवसा ऊन पितो आणि रात्री वेलीला ऊब देतो. चालायला लागलं की कपच्या खळखळत खाली घसरतात, त्यांच्यामागून आपण. उभ्या उतारावर मांडव नाही, तारा नाहीत. एक वेल, एक खुंट. वेलीच्या दोन काड्या दोन्ही अंगांनी वाकवून खाली बांधायच्या, की पत्त्यांतल्या बदामासारखा आकार होतो. पहिल्या वर्षी फेब्रुवारीभर मी बदामच बांधत होतो. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता, बोटं बधिर व्हायची.

ओळख झाली ती भांडणातून. मी बोलता बोलता म्हणालो, आमच्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. ती म्हणाली, थापा मारू नकोस. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते. झोपेत असताना एकदा कात्री लावायची की झालं. नाशकात वेलीला कुठली आलीय झोप! एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. दोन छाटण्या आणि पीक एक. तिला काही केल्या पटेना. शेवटी ऑक्टोबरात वडिलांना, म्हणजे आप्पांना, व्हिडिओ कॉल लावला. आप्पांनी कात्री दाखवली, काडीवरचे डोळे मोजून दाखवले, पेस्टची बादली दाखवली आणि वर "मॅडमला म्हणावं, या एकदा आपली बाग बघायला" असं आमंत्रणही देऊन टाकलं. त्यांना वाटलं, पोराची मालकीण आहे. मालकीण होतीच.

पुढचं इथे लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही चष्मा काढून ठेवाल. इतकंच सांगतो की ती मला दोनदा नाही म्हणाली. "मी ६० ची होईन तेव्हा तू ४३ चा असशील," हे तिने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून दाखवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. एका संध्याकाळी तिनेच विचारलं, नोव्हेंबरात नाशकात थंडी कितपत असते?

घरी सांगितलं. आई ५१ ची, म्हणजे सुनेपेक्षा पाचच वर्षांनी मोठी. आईने रडारड केली नाही. एकच प्रश्न विचारला आणि तो मला अजून ऐकू येतो. "ती मला काय म्हणणार? अन् मी तिला काय म्हणू?" आप्पा काहीच बोलले नाहीत, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला निघून गेले. घरात तिला आणायचं नाही, एवढं मात्र न बोलता ठरलं.

लग्न तिकडे करता आलं असतं. पण माझ्या कागदांची पडताळणी व्हायला किती महिने जातील हे कुणी सांगेना. आणि आईच्या पाठीमागे, परदेशात उरकून टाकल्यासारखं मला नको होतं. म्हणून नाशकातच, विशेष विवाह कायद्याने करायचं ठरवलं. कायदा १९५४ चा. दोघांपैकी एकाचा तरी जिल्ह्यात सलग ३० दिवस मुक्काम हवा, मग नोटीस, नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. म्हणजे दोन महिने डोक्यावर छप्पर पाहिजे. हॉटेल परवडणारं नव्हतं. भाड्याची खोली बघायला गेलो की मालक आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि म्हणायचा, "फक्त फॅमिलीला देतो."

तर माई, अशा वेळी मी तुमच्याकडे आलो. ती रिक्षात बसून होती, मी एकटाच वर आलो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मध्ये एकदा दूध उतू जाईल म्हणून उठलात तेवढंच. मग म्हणालात, "मला हे पटलेलं नाही. ती सत्तरीला टेकेल तेव्हा तू ५३ चा असशील. तेव्हा सांगायला मी नसेन, म्हणून आत्ता सांगते." मी मान खाली घातली. तुम्ही बशी पालथी घातलीत, खुंटीवरची किल्ली काढलीत आणि त्याच आवाजात म्हणालात, "माडीवरची खोली रिकामी आहे. पेपरांची रद्दी पडलीय, तेवढी काढून घे. आणि ती बाई रिक्षात कशाला बसलीय? मीटर पडतंय."

मी कितीदा आठवून बघितलंय. मधे "पण" नव्हता. पटलेलं नाही आणि किल्ली घे, ही दोन वाक्यं तुम्ही एकाला एक लागून बोललात. एकाने दुसऱ्याला काही अडलं नाही.

अट एकच घातलीत. लग्न लागेपर्यंत ती माडीवर आणि मी खाली, माझ्या जुन्या खोलीत. २९ वर्षांचा घोडा आणि ४६ वर्षांची बाई, पण अट म्हणजे अट. जिन्याच्या तोंडाशी तुमची खाट. (ती अजून सांगते की तिच्या आयुष्यातली सगळ्यात शांत झोप तिला त्या दोन महिन्यांत लागली. मला नाही लागली.)

तिचं खरं नाव तुमच्या जिभेला कधी वळलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ते सोडून दिलंत आणि तिची रेणू केलीत.

आणि तो सी फॉर्म! परदेशी माणूस घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती भरावी लागते, हॉटेल असो की कुणाचं राहतं घर. मला हे माहीत नव्हतं. तुम्ही कोर्टात ३१ वर्षं टंकलेखन केलेलं. "आधी कागद, मग पाहुणचार," म्हणून पहिल्याच संध्याकाळी मला कॉम्प्युटरवर बसवलंत आणि शेजारी उभं राहून पासपोर्टवरचा एकेक आकडा वाचून घेतलात. कुठून आली, कशासाठी, किती दिवस. सगळं भरून झाल्यावर म्हणालात, "चला, उतारवयात लॉजवाली झाले."

नोटीस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागली. त्याआधी तिच्या घटस्फोटाच्या हुकुमाच्या भाषांतरावरून एका कार्यालयाने आम्हाला चार चकरा मारायला लावल्या. एकदा तर शिक्का पुसट आहे म्हणून परत पाठवलं. शिक्का जर्मनीतला, मी गडद कुठून करून आणू? चारही वेळा तुम्ही बरोबर होतात, बाकड्यावर, मांडीवर डबा घेऊन. चौथ्या वेळी तिथल्या बाईंनी तुम्हाला ओळखलं, कोर्टातल्या दिवसांपासून. काम झालं. बाहेर आल्यावर मी खूश होतो, आणि तुम्हाला मात्र ओळखीने काम झाल्याचं वाईट वाटत होतं.

नोटीस फलकावर लावतात. नावं, पत्ते, वयं, सगळं. कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला आणि तो आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला. दोन्ही वयांभोवती लाल गोल काढलेले. आई तीन दिवस दळण आणायलाही बाहेर पडली नाही. चुलते तुमच्या वाड्यावर आले, "हरकत घेतो, लग्न होऊ देत नाही" म्हणाले. तुम्ही त्यांना पाट दिलात, पाणी दिलंत आणि कायद्याचं पुस्तक काढून पुढ्यात ठेवलंत. "कलम ४ वाचा. आधीचं लग्न चालू नको, डोकं ठिकाणावर हवं, मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, जवळचं नातं नको. बायको वयाने मोठी नको असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा. मलाही ते हवंच आहे, मीही शोधतेय." चुलत्यांना कळेना, ही बाई कुणाच्या बाजूने आहे. मलाही कळत नव्हतं.

त्या दिवसांत तुम्ही तिला रोज सकाळी गंगेवर न्यायचात, भाजीला. तिला आधी वाटलं, गंगा नदी नाशकात आहे. मग कळलं की आम्ही गोदावरीलाच गंगा म्हणतो. एकदा मीही बरोबर होतो. रामकुंडापाशी दुतोंड्या मारुतीसमोर ती थांबली. मी समजावायला लागलो की पुराचं पाणी आम्ही या मूर्तीवरून मोजतो, पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. निम्म्यातच तिने मला थांबवलं. कळलं, म्हणाली. तिच्या गावात घरांच्या दारांच्या दगडी चौकटींवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, प्रत्येक रेघेशेजारी वर्ष. १९९३ च्या डिसेंबरची रेघ फार उंच आहे. मी ती पाहिलीय, हात वर करावा लागतो. घरी आल्यावर तुम्ही तिला खालच्या खोलीतली ओलीची रेघ दाखवलीत, ऑगस्ट २०१६ ची. त्या दिवशी सराफ बाजारात पाणी घुसलं होतं आणि आपण दोघं गव्हाचे डबे माडीवर चढवत होतो. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि तुम्हाला काहीतरी विचारलं, जर्मनमध्ये. तुम्ही मराठीत उत्तर दिलंत. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर तुम्ही दोघी स्वयंपाकघरात निघून गेल्या होतात.

डिसेंबर अखेरीस निफाडचा पारा घसरला. अशा थंडीत मण्यांना तडे जातात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या करून धूर करावा लागतो. आप्पांचा फोन आला, तोही तुमच्या फोनवर. माणसं कमी आहेत, पोराला पाठवा. मी चपला घालत होतो. तुम्ही म्हणालात, "तिलाही ने. तिचंही तेच काम आहे ना? आणि गोधडी ने, ती स्वेटरवर भागवेल आणि आजारी पडेल." पहाटे तीनला आप्पा एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला, भुसा टाकत होते. मधे कधीतरी आप्पांनी मला विचारलं, "यांच्याकडं थंडी पडली तर काय जाळत्यात?" तिने सांगितलं, वसंतात कोंब फुटल्यावर दहिवर पडायची भीती असली की तिकडे डब्यांत मेण भरून मोठाल्या मेणबत्त्या लावतात, बागभर. आप्पा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "मेणबत्त्या? वाढदिवस हाय का बागेचा?"

नोंदणीचा दिवस. साडेअकराची वेळ. तिसरा साक्षीदार, माझा मित्र, नाशकातल्याच द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला. आप्पा आले होते, पण खाली पार्किंगमध्ये मोटारसायकलला टेकून उभे. वर यायचं नाव नाही. मी दोनदा खाली जाऊन आलो, ते दुसरीकडे बघायचे. मग तुम्ही उतरलात. मला वाटलं, आता समजावणार. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. तुम्ही फक्त हातातली पिशवी त्यांच्या पुढे केलीत. "एवढी धरा हो. दोन जिने आहेत, मला ओझं घेऊन चढवत नाही." पिशवीत काय होतं हे मला नंतर कळलं. एक शाल आणि पेढ्यांचा पुडा. पाव किलोसुद्धा वजन नसेल.

आप्पा पिशवी घेऊन वर आले आणि दाराशीच उभे राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, तिसरे साक्षीदार कोण? मी फोनकडे बघत होतो. आप्पांनी खिशातून आधार कार्ड काढलं, सोसायटीच्या पासबुकात ठेवलेलं असतं ते, आणि म्हणाले, "कुठं करायची सही?" सही केली. पेढा खाल्ला नाही, शर्टाच्या खिशात ठेवला. "व्यापारी यायचाय बाग बघायला," म्हणाले आणि गेले.

आईचं एवढ्यावर मिटणार नव्हतं. आठच दिवसांत संक्रांत आली. तुम्ही रेणूला एक वाक्य पाठ करायला लावलंत, दोन दिवस, भांडी घासताना, जिना चढताना. आणि आम्हाला घेऊन गावी आलात. ओट्यावर आई तांदूळ निवडत बसली होती. रेणूने पुढे होऊन हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला." उच्चार असा की पाठीमागच्या म्हशीनेही मान वळवली. पण हातावर आलेला तिळगूळ नाकारायची रीत आपल्यात नाही. आई बराच वेळ त्या वडीकडे बघत राहिली. मग सरकून जागा केली आणि म्हणाली, "अहो, बसा."

अहो! सुनेला! तो प्रश्न, ती मला काय म्हणणार आणि मी तिला काय म्हणू, तो निदान निम्मा तरी त्या अहोने सोडवला. अजूनही आई तिला अहोच म्हणते. "अहो, जेवलात का?" फोनवरही तेच. रेणूचं मराठी बहुतेक आईकडूनच आलेलं, त्यामुळे ती सगळ्यांना अहो म्हणते. मला, टपालवाल्याला, मांजरालाही. सगळं गोड झालं असं मात्र मी म्हणणार नाही. नातवंडाचा विषय निघाला की आई उठून आत जाते, आणि लग्नकार्यात आम्ही एकत्र गेलो तर ती आमच्यापासून चार खुर्च्या लांब बसते. तो भाग तसाच आहे.

लग्नाला या महिन्यात दोन वर्षं पूर्ण झाली, म्हणजे आता तिला ओसीआय कार्डासाठी, दरवेळी व्हिसा न काढता भारतात येता येतं त्या कार्डासाठी, अर्ज करता येईल. अर्ज मी भरणार, पण पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवणार. तुमच्या नजरेखालून न गेलेल्या कागदावर माझा विश्वास राहिलेला नाही. इथे छाटणी चालू आहे. काल तिने बदाम बांधताना काडी मोडली आणि तुमच्या पद्धतीने "अगं बाई" म्हणाली.

दोन महिन्यांचं भाडं तुम्ही घेतलं नाही. मी उशीखाली ठेवलेलं पाकीट तुम्ही टपालाने आईकडे पाठवलंत, "सुनेच्या साडीसाठी" असं लिहून, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. साडी आली. हिरवी. त्याबद्दल आपण समोरासमोर बोलू.

गेल्या रविवारी फोन केला तेव्हा मी हळूच विचारलं, माई, आता तरी पटलं का? तुम्ही म्हणालात, "नाही. कधी येताय?" मी म्हणालो, एप्रिलात, खरड छाटणीला. तर म्हणालात, "तिच्या पासपोर्टची झेरॉक्स आधी पाठव. मागच्या खेपेला घाईत व्हिसाचा नंबर चुकत होता, सी फॉर्म पुन्हा भरावा लागला असता."

झेरॉक्स या पत्राबरोबर पाठवतोय.

आपला,
खालच्या खोलीतला